बत्तीस बोअरचे दिवस : बाबारावास पत्र

देवळी, जि. वर्धा

प्रिय बाबाराव,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सोयाबीन घरात आलं, तुरीला फुलोरा चांगला आहे आणि धुऱ्याकडच्या चार ओळी रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्ल्या, हे सगळं वाचलं. आमच्याकडे जागल करूनही तीच गत आहे. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्यातच माझं मन अडकलं.

पुतण्या म्हणतो, बत्तीस बोअरला, म्हणजे .३२ च्या काडतुसाला, आता जगात कोणी विचारत नाही, सगळीकडे ९ एमएम चालतो, आजोबांचं, म्हणजे आपल्या काकाजींचं, रिव्हॉल्व्हर विकून टाका. आणि तू विचारतोस, काहून होतं गड्या असं? एक गोळी लोक वीस-तीस वर्षं डोक्यावर घेतात आणि मग तिचं नावही काढत नाहीत, हे कशामुळे? माझी सगळी नोकरी पोलीस मुख्यालयाच्या कोतात, म्हणजे हत्यारखान्यात, हत्यारं तपासण्यात, पुसण्यात आणि मोजून देण्या-घेण्यात गेली. तुला दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळा होणार नाही. निवांत बसून वाच.

नळी जाड तेवढी गोळी जबर, हे गणित आधी डोक्यातून काढ. ९ एमएम, .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम आणि पिस्तुलाचं .३८०, या चारही काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून काढून पाटावर ठेवल्या, तर जाडीवरून कोणती कुठली ते तुला सांगता येणार नाही. सगळ्या .३५५ ते .३५७ इंचाच्या. फरक पडतो तो पुंगळीच्या लांबीनं, आतल्या दारूनं आणि गोळीच्या वजनानं. १९३५ साली अमेरिकेत .३५७ मॅग्नम आलं ते .३८ स्पेशलचीच पुंगळी थोडी लांब करून, कारण मोटारीतून पळणाऱ्या दरोडेखोरांच्या गाडीचा पत्रा पोलिसांच्या .३८ ला दाद देत नव्हता. म्हणून आजही .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. लोक आकड्यांवरून भांडतात, पण त्या आकड्यांमागचं धातूचं माप पुष्कळदा एकच असतं.

मग दिवस कशानं फिरतात? माझ्या मते गोळीच्या गुणापेक्षा बाहेरच्या गोष्टींनी. कायदा काय बाळगू देतो, काडतूस कुठे बनतं, साध्या शिपायाच्या हाताला काय झेपतं, आणि एखाद्या वाईट दिवशी काय घडलं. आपल्या देशी कपाशीचं काय झालं ते आठव. कमी पाण्यावर तग धरणारं वाण होतं ते, पण गिरण्यांना लांब धागा हवा झाला, दुकानात दुसरंच बियाणं येऊ लागलं, आणि आपल्या बापांच्या देखत ते शेतांतून गेलं. वाणात खोट नव्हती.

अमेरिकेच्या फौजेचं बघ. १८९९ नंतर ती फिलिपाईन्समध्ये लढत होती, तेव्हा अधिकाऱ्यांकडे .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्व्हरं होती. तिथले मोरो लढवय्ये गोळ्या लागल्यावरही अंगावर चालून येतात, अशा तक्रारी आल्या आणि जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरं कोठारातून परत काढावी लागली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर चाचण्या घेतल्या, मृतदेहांवरही घेतल्या, आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको असं लिहून दिलं. त्यातून १९११ चं कोल्ट पिस्तूल आलं. पुढे दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे तेच. आणि १९८५ मध्ये त्याच फौजेनं ९ एमएमचं बेरेटा पिस्तूल घेतलं. .४५ काही एका रात्रीत दुबळं झालं नव्हतं. नाटोतले मित्रदेश ९ एमएम वापरत होते आणि लढाईत एकाचं काडतूस दुसऱ्याच्या कामी यावं, हा हिशेब होता. शिवाय मॅगझिनमध्ये सातऐवजी पंधरा राउंड.

इंग्रजांनी तर स्वतःहून मोठ्या गोळीचा नाद सोडला. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे .४५५ चं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं. जड हत्यार, जबर दणका. युद्ध संपल्यावर त्यांनी मान्य केलं की थोडक्या सरावात साध्या माणसाच्या हाती ते नीट बसत नाही. ते रिव्हॉल्व्हरच्या .३८० वर उतरले आणि १९३२ मध्ये त्या काडतुसाचं एनफिल्ड रिव्हॉल्व्हर फौजेत घेतलं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, मी वर्षानुवर्षं हेच पाहिलं. वर्षाकाठी मोजके राउंड झाडायला मिळणारा शिपाई दणक्याला भितो. चाप दाबायच्या क्षणी त्याचे डोळे मिटतात, मनगट कडक होतं, नळी खाली जाते आणि गोळी टार्गेटच्या पायाशी मातीत घुसते. त्याच माणसाच्या हाती हलकं हत्यार द्या, सहापैकी चार तरी कागदावर लागतात. न लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली लहान गोळी केव्हाही मोठी, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या मातीनं शिकवलं.

आता एका दिवसानं सगळं कसं उलटतं ते सांगतो. ११ एप्रिल १९८६, अमेरिकेतलं मायामी. एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास खात्याच्या आठ जणांनी बँका लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली. गोळीबारात एफबीआयचे दोघे गेले, पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला ९ एमएमची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि काळजाच्या इंचभर अलीकडे थांबली. ती जखम त्याचा जीव घेणारीच होती, पण त्याआधी तो रायफलीनं लढत राहिला. चौकशीत दोष आला त्या गोळीवर.

मला हे पटत नाही, बाबाराव. समोर रायफल असताना एफबीआयच्या बाजूच्या बहुतेकांकडे कंबरेचं हत्यार असणं, हे पहिलं कारण होतं. पण माणसं गेली की खात्याला काहीतरी बदललेलं दाखवावं लागतं, आणि बदलायला काडतूस सगळ्यात सोपं. एफबीआयनं मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर कसून चाचण्या सुरू केल्या, गोळी निदान १२ इंच आत गेलीच पाहिजे अशी अट घातली आणि १० एमएमचं जबर काडतूस निवडलं. ते पुष्कळांच्या हाताला झेपेना. मग दारू कमी केली. दारू कमी केल्यावर पुंगळीत जागा रिकामी राहिली, तेव्हा पुंगळीच आखूड केली आणि १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) जन्माला आलं. ते ९ एमएमच्या मापाच्या पिस्तुलात मावत होतं. पुढची वीस वर्षं अमेरिकन पोलिसांत त्याचंच राज्य.

आणि शेवट काय? २०१४-१५ च्या सुमारास एफबीआय परत ९ एमएमवर आली. मधल्या काळात गोळीची बनावट इतकी सुधारली की चाचणीत ९ एमएम आणि .४० मध्ये सांगण्यासारखा फरक उरला नाही. उलट ९ एमएमनं नेम सुधारतो, मॅगझिनमध्ये राउंड जास्त मावतात आणि खर्च कमी. खात्यांनी बदललेली .४० ची पिस्तुलं तिथल्या बाजारात स्वस्तात आली. ज्या जिलेटिननं ९ एमएमला खाली ढकललं, त्याच जिलेटिननं तिला परत वर आणलं.

युरोपात बत्तीसचंही असंच झालं. १८९९ च्या सुमारास ब्राउनिंग या शस्त्रकारानं आखलेलं ७.६५ एमएम, म्हणजे पिस्तुलाचं बत्तीस, तिथल्या पोलिसांच्या कंबरेला कित्येक दशकं होतं. १९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये हत्याकांड झालं, आणि त्या दशकात जर्मन पोलिसांनी ९ एमएमची मागणी केली. पुतण्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

पण आपलं बत्तीस जगतं ते वेगळ्या कारणानं, आणि इथे पुतण्याचा हिशेब चुकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत सरकारी दलांची काडतुसं चालतील अशी हत्यारं सामान्य माणसाला मनाई आहेत. ९ एमएम, .३८०, .४५५, ही सगळी मनाई बोअरमध्ये. कारण सरळ आहे. फौजेच्या किंवा पोलिसांच्या कोठारातून काडतूस बाहेर गेलं, तर ते बाहेरच्या कोणाच्या हत्यारात बसू नये. म्हणूनच आपल्याकडे शिकारी .३०३ ऐवजी .३१५ ची रायफल बाळगत, आणि कंबरेला बत्तीस आलं. मी कोतात होतो तेव्हा ९ एमएमची पेटी उघडली की तीच काडतुसं पिस्तुलालाही आणि कार्बाइनलाही. सरकारला ९ एमएम आवडण्याचं तेही एक मोठं कारण. तेव्हा पुतण्याला सांग, बावा, तू ९ एमएम घेऊ शकत नाहीस. तुझ्याकडे पैसा असला तरी नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसाला बाहेरून हत्यार मागवणंही बंद झालं. उरलं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, ज्याची घडण इंग्रजांच्या वेब्लीवरूनच घेतलेली आहे; काकाजींचं तेच. परदेशात ज्या जुन्या बत्तीसकडे कोणी वळून पाहत नाही, तिला इथे लाखांचा भाव येतो, कारण बाहेरून नवीन येतच नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरनं बायकांसाठी म्हणून निर्भीक हे हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. तेही बत्तीसच. २०२३ मध्ये आलेलं प्रबल, तेही बत्तीसच.

दारूगोळ्याच्या पुरवठ्याचं महत्त्व तर आपल्या वर्धेकरांना वेगळं सांगायला नको. पुलगावचा फौजेचा दारूगोळा डेपो आपल्या शेजारी. भंडाऱ्याला स्फोटकं, भद्रावतीला तोफेचे गोळे, अंबाझरीलाही कारखाना. मे २०१६ मध्ये पुलगावला आग लागली तेव्हा किती घरांतली माणसं गेली हे आठवलं की अजून पोटात कालवतं. एखादं काडतूस दुकानात सहज मिळतं त्यामागे अशी माणसं असतात, हे बोअरच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं.

आणि बत्तीस कमजोर म्हणून खेळणं, असं पुतण्या म्हणाला असेल तर त्याला समोर बसव. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं पिस्तूल पिस्तुलाच्या .३८० चं, म्हणजे आखूड ९ एमएमचं होतं. ३० जानेवारी १९४८ ला बापूंवर झाडलेलं बेरेटाही त्याच आखूड ९ एमएमचं. शस्त्रांची आवड असलेले लोक बत्तीससारखंच या काडतुसालाही आज दुबळं म्हणतात. सेवाग्राम माझ्या घरापासून जवळ आहे, तिथे बापूंच्या कुटीत मी कितीदा तरी बसलो आहे. मी कोणत्याही गोळीला दुबळी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर मला राग येतो.

रिव्हॉल्व्हरचं बत्तीस, म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ चं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपलं पहिलं ठरीव रिव्हॉल्व्हर घेतलं ते बत्तीसचंच, त्याच साली. पोलिसांतून ते कधीच गेलं, पण २५ मीटर सेंटर फायरच्या स्पर्धेत जगभरचे नेमबाज आजही याच काडतुसाला पसंती देतात, कारण दणका कमी आणि गोळी जिथे पाहिजे तिथे जाते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणानं ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. ज्याला बाजारानं टाकलं, त्याचा अचूकपणा असा शिल्लक राहिला. मला या काडतुसाबद्दल जो जिव्हाळा आहे तो यासाठी.

आता तुझ्या कामाचं. काकाजींनी हे हत्यार घेतलं तेव्हा कापसाचे चुकारे रोख मिळायचे आणि रात्री बैलबंडीनं परत यावं लागायचं. आज तुझा पैसा बँकेत येतो. गरज उरली आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचार. बोअरचा विचार त्यात आणू नको. रोही-डुकरांसाठी म्हणशील तर रिव्हॉल्व्हर त्या कामाचं नाही, ते बाळगून उलट जिवाला धोका. ठेवायचं असेल तर वारस म्हणून तुझ्या नावाचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून करून घ्यावा लागेल. तोवर ते ठाण्यात जमा आहे ते तिथेच राहू दे आणि पावती सांभाळ. विकायचं ठरलं तर परवानाधारक दुकानदारामार्फतच, आणि भाव पाडून मागितला तर घाई करू नको.

कपाटात जुनी काडतुसं सापडली असतील तर ती घरात ठेवू नको. पुंगळीच्या बुडावर केएफ असं असेल, ती खडकीच्या कारखान्याची. हिरवट चढली असेल तर झाडून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नको. यादी करून ती ठाण्यातच दे. आणि पुढे कधी नवीन घ्यायची वेळ आली तर दुकानात नुसतं बत्तीस म्हणू नको, रिव्हॉल्व्हरचं लाँग असं सांग. पिस्तुलाचं ७.६५ पण बत्तीसच म्हणवतं आणि ते या हत्यारासाठी नाही.

परवान्याची जुनी वही, काकाजींचा मृत्यूचा दाखला आणि ठाण्याची पावती घेऊन ये, अर्ज मी बसून लिहून देतो. पुतण्यालाही आण. त्याला विचारायचं ते सगळं विचारू दे, मला आवडेल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. धुऱ्यावरच्या तुरीचं काय ठरवलंस तेही कळव.

तुझा,
शंकर