७०७ दिवसांची नोंद कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी आई ९३व्या वर्षी गेली. शेवटच्या दोन वर्षांची मी वही ठेवली होती: किती वाजता कूस बदलली, किती घास गेले, टाचेवरची लाली वाढली की कमी झाली. ती गेल्यावर वही चाळली. ७३० दिवसांपैकी रुग्णालयात ती २३ दिवस होती. उरलेले ७०७ दिवस तिला गरज होती ती माणसाच्या हातांची. नव्वदीपलीकडच्या आरोग्याविषयी कुठेही बोलणं निघालं की ते त्या २३ दिवसांभोवतीच फिरतं, म्हणून हे पत्र.

आईची आधी अंघोळ सुटली, मग कपडे घालणं, मग संडासला जाणं, मग खाटेवरून उठणं. आपल्या हाताने जेवणं तेवढं बराच काळ टिकलं, पुढे तेही गेलं. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये जवळपास हाच क्रम मांडून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. आधी कुणी सांगितलं असतं, तर प्रत्येक पायरीला आम्ही औषधं बदलून पाहत बसलो नसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे रात्रीतून चारदा उठायचं. एका रात्री माझा डोळा लागला आणि सकाळी माकडहाडापाशी कातडी सोललेली दिसली. ती जखम भरायला ११ आठवडे लागले. ती रात्र मी अजून विसरलेले नाही.

मी तेव्हा ६८ वर्षांची होते. नव्वदीतल्या माणसांची मुलं स्वतःच म्हातारी असतात, हे कुणी हिशेबात धरत नाही. वडिलांचं शेवटचं सगळं आईनं केलं. तिची वेळ आली तेव्हा तिचं करायला नवरा नव्हता. बायका जास्त जगतात आणि मागे एकट्या उरतात, म्हणून म्हाताऱ्यांना राहायला ठेवून सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहांत त्याच जास्त दिसतात. तिला उचलताना माझी पाठ धरली ती सुटेना, तेव्हा शेवटचे पाच महिने मीही तिला तिथे ठेवलं. ‘आईला टाकलं’ असं जवळचेच म्हणाले. मी तिला टाकलं नव्हतं. तिथे रात्री दोघी मिळून तिला वळवत आणि मला दुपारी तिचा हात हातात घेऊन नुसतं बसता येई. त्याआधीच्या दीड वर्षात मी तशी एकदाही बसले नव्हते.

सल एकच राहिला. शेवटच्या दोन महिन्यांत ताप आला की रुग्णालय, उतरला की परत, अशा चार फेऱ्या झाल्या. आईला स्मृतिभ्रंश होता; अशा माणसाला नुसती खोली बदलली तरी काही सुचेनासं होतं. तिसऱ्या फेरीनंतर आईनं मला ओळखलं नाही. चौथ्या वेळी नळीतून अन्न देण्याचं निघालं. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, चमच्याने जाईल तेवढं भरवावं, हे एका परिचारिकेनं समजावलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

फिनलंडमध्ये मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या आहेत. वय जितकं जास्त तितका रुग्णालयाचा वापर कमी आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा जास्त, असं त्यांत दिसलं. माझी वहीही तेच सांगते. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी वेगळा विमा सुरू केला. जिथे अशी काहीच सोय नाही, तिथे पैसे मिळतात ते बहुतेकदा रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी रात्रभर जागणाऱ्याला काही नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी रुग्णालयातल्या खाटांबरोबर शुश्रूषेचे हे दिवसही मोजावेत. शुश्रूषा करणाऱ्याला महिन्यातून चार रात्री तरी सलग झोप मिळेल, अशी बदली माणसाची सोय व्हावी. आणि पुढे काय काय सुटत जाणार आहे, हे डॉक्टरांनी घरच्यांना आधीच बसवून सांगावं.

वही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. या विषयाचा अभ्यास करणाऱ्या कुणाला उपयोगी पडणार असेल, तर ती द्यायची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक