वाकळ आधी उलटी करून पाहणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतली चिठ्ठी तुम्हाला टपालानं वेगळी पाठवली आहे. हे पत्र मात्र मराठीत आणि चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही माझ्या माणसांनाही कळायला हव्यात. नाव लिहीत नाही. तुमच्या गावाला ते आवडेल की नाही हे मी विचारलेलं नाही.

आई गेल्यावर वाटणीत मी एवढंच मागितलं होतं, तिची वाकळ. आजीची दोन इरकली लुगडी, बाबांचं धोतर, माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा स्कर्ट, भावाचे लहानपणीचे सदरे, सगळं तिच्यात आहे. माण तालुक्यातून ती माझ्याबरोबर अटलांटाला आली आणि इथे एका हिवाळ्यात मधोमध विरली. आतल्या चिंध्या बाहेर डोकावायला लागल्या तशी मी घाबरले.

मग मी ती घेऊन दारोदार फिरले. हौशी क्विल्टवाल्यांच्या एका मंडळात एका बाईंनी ती दोन बोटांत धरली आणि टाके सरळ नाहीत, नक्षीही काही नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं. जुनं कापड दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात म्हणाले, बरा तुकडा कापून फ्रेम करून घ्या, बाकीचं ठेवण्यात अर्थ नाही. नात्यातल्या एकीनं तर फोनवर विचारलं, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवतंच कोण? यातल्या एकानंही ती पूर्ण उलगडली नव्हती. मला आजही त्याचाच राग आहे. नाही म्हणायचा त्यांना हक्क होता, पण आधी बघायचं तरी!

तुमच्या गावाबद्दल मी वाचलं होतं. अलाबामा नदीच्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेलं बॉयकिन, म्हणजेच जीज बेंड. तिथला मळा गुलामगिरीच्या काळात विकत घेणाऱ्या मार्क पेटवेचं आडनाव आजही तिथल्या कितीतरी घरांवर आहे, आणि त्याच्या कृष्णवर्णीय गुलामांच्या लेकी-नातींनी शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये त्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. 2022 पासून ऑक्टोबरात तुम्ही सगळ्याजणी मिळून गोधड्या बाहेर काढता, दोऱ्यांवर, कुंपणांवर, ओसरीच्या कठड्यांवर वाळत घालता आणि लोकांना बघायला बोलावता. शिवायलाही शिकवता. वाकळ पिशवीत घालून मी आले ती त्यासाठी.

नदीपलीकडच्या कॅम्डेन गावाहून फेरीबोटीनं आले. ही फेरीबोट 1962 मध्ये बंद केली होती. तुमच्या लोकांनी मतदार यादीत नाव घालायला पलीकडे जायला सुरुवात केली, त्याच काळात. ती परत सुरू झाली 2006 मध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षं समोर दिसणाऱ्या गावाला जायला गाडीनं तासाभराचा वळसा. आता तीच फेरीबोट विजेवर चालते. मी कठड्याला धरून उभी होते आणि पाणी फार रुंद नव्हतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

तुमच्या ओसरीवर गर्दी होती. मी कशीबशी पिशवी उघडली. तुम्ही हातातली सुई गळ्याशी पदरासारख्या घेतलेल्या कापडात खोवली, वाकळ मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. सगळे जण आधी पुढची बाजू बघतात, फाटलेलं बघतात. तुम्ही मागचं अस्तर वर केलं आणि आईच्या धावदोऱ्यावरून अंगठा फिरवत काठापासून आत, आत, मधोमध आलात. एका ठिकाणी थांबलात. तिथे दोरा पांढऱ्याचा एकदम हिरवा होतो. "इथे हिचा दोरा संपला," एवढंच म्हणालात, "आणि ही थांबली नाही."

मावशी, मी ती वाकळ वर्षानुवर्षं पांघरलीय, पण तो हिरवा दोरा मी कधी पाहिलाच नव्हता. मी तिथेच रडायला लागले. तुम्ही मला गप्प केलं नाहीत, विषयही बदलला नाहीत. फक्त थोड्या सरकलात आणि बसायला जागा करून दिलीत.

पुढचं सगळं याच्यापुढे लहान आहे. विरलेलं काही उसवायचं नाही, त्यावरच नवं बसवायचं, हे तुम्ही सांगितलंत. घरात कामाचे जुने कपडे असतील तर तेच घे म्हणालात. तुमच्याच गावच्या मिसूरी पेटवेंनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, हे मला माहीत होतं. तुमच्या घरातल्या एका गोधडीवर तसंच जीनचं कापड मी हात लावून पाहिलं. गुडघे पांढुरके पडलेले, आणि खिसा काढलेल्या जागी ऊन न लागलेला गडद निळा चौकोन, शिंप्यानं मुद्दाम जोडावा तसा स्पष्ट. माझ्या वाकळेच्या मधोमध आता माझ्या नवऱ्याच्या जीनचा तसाच चौकोन आहे. टाके मीच घातले. तुम्ही सुई हातात घेतली नाहीत, माझ्याच हातात ठेवलीत.

पैसे घ्या म्हटलं तर नको म्हणालात. हे मला अजून पचत नाही, कारण पैशाचा तुमचा इतिहास मला माहीत आहे. 1966 मध्ये तुमच्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. सहकार म्हटल्यावर आमच्याकडे साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो, पण तुमच्या बायकांनी सुईदोऱ्यावर उभ्या केलेल्या संस्थेनं जमीन घेतली आणि मतदार यादीत नाव घातलं म्हणून घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना त्यातले तुकडे विकले. एवढं करूनही अगदी परवा, 2024 मध्ये, एका बड्या दुकानसाखळीनं तुमच्यातल्या काहीजणींच्या नक्ष्या देशभर विकल्या, तेव्हा मोबदला एकरकमी, विक्रीत वाटा नाही. ज्यांच्याकडून जग असं घेत आलंय, त्यांनी एका परक्या बाईला अख्खी दुपार द्यावी, ही माणुसकी मला शिकलेल्या, सुस्थितीतल्या, वेळच वेळ असलेल्या लोकांत मिळाली नव्हती. हे लिहिताना कुणाला टोचलं तर टोचू दे.

वाचणाऱ्यांना एक सांगते. 2021 पासून जीज बेंडच्या कितीतरी जणींची स्वतःच्या नावाची दुकानं एट्सी या ऑनलाइन बाजारावर आहेत. नक्कल घेऊ नका, शिवणारीचं नाव असलेली वस्तू तिच्याकडूनच घ्या. किंमत पाहून दचकाल, पण तुमच्या घरातल्या वाकळेला किती दिवस लागले होते ते आधी आईला विचारा. आणि आपल्याकडे दारावर गोधडी शिवायला येणाऱ्या बायकांशी घासाघीस करणं थांबवा, हेही त्यातच आलं.

मावशी, ऑक्टोबरात परत येतेय. आजीच्या लुगड्याचा लाल काठ हातभर शिल्लक आहे, तो तुमच्या टोपलीसाठी आणते. शिवा, नाहीतर ठेवून द्या. लेकीलाही आणते आहे. तिला अजून दोऱ्याला गाठ मारता येत नाही, तेवढं तुमच्याकडून शिकेल.

तुमची,
अटलांटाची वाकळवाली