विकतचा संच म्हणून विमानाची प्रतिकृती बाद ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला, तेव्हापासून आमच्या साकोली परिसरातील मुलांमध्येही जुन्या लढाऊ जेट विमानांविषयी कुतूहल वाढले आहे. अलीकडेच एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका विद्यार्थ्याने नॅट या जुन्या छोट्या जेट विमानाची १:७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, प्रतिकृती मांडली होती. ‘हे तर विकतचे खेळणे’ असे म्हणून परीक्षकांनी ती स्पर्धेतून वगळली आणि शेजारचे थर्माकोलचे विमान, ज्याचे पंख कोणत्याही खऱ्या विमानाशी जुळत नव्हते, ‘स्वनिर्मित’ म्हणून वाखाणले. या निकषाचा फेरविचार व्हावा, यासाठी हे पत्र.

संच विकत मिळतो, हे खरेच. परंतु खोक्यात विमान नसते; प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले सुटे भाग, आकृत्यांची पुस्तिका आणि पाण्यात भिजवून लावायची चिन्हे असतात. या विद्यार्थ्याला मिळालेला संच ब्रिटिश हवाई दलाच्या ‘रेड ॲरोज’ या हवाई कसरतींच्या पथकातील लाल रंगाच्या, दोन आसनी नॅट प्रशिक्षण विमानाचा होता. आपल्या हवाई दलाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरलेले, श्रीनगरच्या आकाशात १४ डिसेंबर १९७१ रोजी वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांनी अखेरची झुंज दिली ते नॅट एकआसनी होते. मागचे आसन झाकले की एकाचे दुसरे होते असे नाही. लढाऊ नॅटची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार ६.७३ मीटर; प्रशिक्षण विमानाची लांबी ९.६८ आणि विस्तार ७.३२ मीटर. म्हणजे १:७२ प्रमाणात लांबीतच सुमारे १३ मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी हवा घेणाऱ्या तोंडांच्या बाजूंना ३० मिलिमीटरच्या दोन तोफा असत, त्या प्रशिक्षण विमानात नाहीत. मुलाने हे सारे गणित एका तक्त्यावर मांडून ‘ही प्रतिकृती युद्धातील नॅटची नाही’ असे स्वच्छ लिहिले होते. तो तक्ता कोणी वाचला असता, तर खेळणे हा शब्द निघाला नसता.

प्रतिकृती उभी करतानाचे प्रश्नही शाळेच्या पुस्तकातलेच आहेत. नॅटला पुढे एक आणि मागे दोन अशी चाके आहेत. पोकळ प्लास्टिकचा भार मागे जास्त पडल्याने नाकात वजन भरले नाही, तर विमान शेपटीवर बसते. त्याने मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणून नाक बंद करण्यापूर्वी आत चिकटवल्या. गुरुत्वमध्य फळ्यावर शिकवताना आम्हा शिक्षकांना इतके सोपे उदाहरण सहसा सापडत नाही. चाके बसवताना तो आणखी एका गोष्टीपाशी थांबला: नॅटची चाके उड्डाणात अर्धवट बाहेर काढली की तीच हवेतील ब्रेकचे काम करीत. विमान लहान, हलके आणि स्वस्त ठेवायचे हा नॅटची रचना करणारे अभियंता पेटर यांचा आग्रह होता. एकाच भागाकडून दोन कामे करून घेण्यामागे तोच दिसतो.

हवामानाचाही इथे हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना पाण्यात विरघळणारा रंग कुंचल्याच्या टोकावरच सुकतो, म्हणून रंगकाम पहाटे उरकावे लागते. आणि धानाच्या रोवणीच्या दमट दिवसांत रंगावरचा चकाकीचा थर पांढुरका पडतो. भाग जोडण्याचा पातळ गोंद प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा पक्का करतो. त्याच्या वाफा घातक असल्याने खिडकी उघडी आणि मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक मुलाने संच घ्यावा असे मी म्हणणार नाही. शाळेने एक घेतला तरी चार-पाच मुलांच्या गटाला तो महिनाभर पुरतो. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे देखभाल-दुरुस्ती विभागाचे, मुख्यालय नागपुरात, म्हणजे आपल्याच विदर्भात आहे. तेथील निवृत्त तंत्रज्ञांना अशा प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलावता येईल.

शिक्षण विभागाने प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा स्वतंत्र गट करावा. प्रमाण, विमानाचा नेमका प्रकार, संचात केलेले बदल आणि मापांचा तक्ता यांवर गुण द्यावेत, आणि हे निकष पुढील प्रदर्शनाच्या सूचनापत्रकातच छापावेत, म्हणजे मांडणीच्या दिवशी वाद उरणार नाही.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
ता. साकोली, जि. भंडारा