नेमबाजीत दचकण्याचाही सराव घ्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून आमच्याकडेही 'मुलीला एअर रायफल शिकवायची आहे, कुठे शिकवतात?' अशी विचारणा पालक करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मी एका महाविद्यालयात अनेक वर्षे एनसीसीचे काम पाहिले असून सध्या माझी नात शेजारच्या तालुक्याच्या गावी दहा मीटर एअर रायफलचा, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रा सोडणाऱ्या रायफलचा, सराव करते. सरकीचे जुने गोदाम रिकामे करून तिथे नेमबाजीची शेड केली आहे. तिथे उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग आणि त्यावरून सुचलेले काही विचार आपल्या वाचकांपुढे मांडावेत, यासाठी हा पत्रप्रपंच.

सायंकाळचा सराव चालू होता. पाच मुले आपापल्या लेनवर उभी होती आणि आम्ही पालक मागच्या बाकावर बसलो होतो. एवढ्यात एका वानराने शेजारच्या लिंबावरून गोदामाच्या पत्र्यावर धाडकन उडी घेतली. पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की आम्ही सगळेच बसल्या जागी उडालो. तिसऱ्या लेनवरची तेरा-चौदा वर्षांची मुलगी 'काय झालं' म्हणून अख्खी मागे वळली, आणि तिच्याबरोबर तिच्या हातातली भरलेली रायफलही वळली. बाकावरून कुणीतरी 'अगं ए, खाली कर, खाली कर!' असे ओरडले. त्या ओरडण्याने ती आणखी गांगरली. पुढच्याच क्षणी बाजूच्या लोखंडी शटरवर टक् असा आवाज झाला आणि चपटा झालेला छर्रा माझ्या चपलेपाशी येऊन पडला. कुणाला इजा झाली नाही. मुलगी मात्र पांढरीफटक पडली होती आणि तिचे बोट अजूनही चापावरच होते.

यानंतर जे झाले ते मला अधिक खटकले. सगळ्यांनी मिळून त्या मुलीला बोल लावला. 'एवढं काय घाबरायचं, वानरच तर होतं,' असे तिला ऐकविले गेले. वास्तविक दचकणे हा तिचा दोष नव्हता. मोठा आवाज कानी पडला की पापण्या मिटतात, मान आत ओढली जाते, खांदे वर येतात आणि मुठी आवळल्या जातात; हे सारे विचार करण्यापूर्वीच होऊन जाते आणि ते कुणालाही टळत नाही. बोट नकळत आवळले जाण्याची आणखी दोन कारणे आहेत. पाय घसरून तोल गेला की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. आणि एका हाताने एखादी वस्तू जोराने पकडली की दुसऱ्या हाताची मूठही थोडी आवळली जाते. एअर पिस्तुलाच्या चापाला स्पर्धेच्या नियमांनुसार किमान ५०० ग्रॅमची ओढ असावी लागते, एअर रायफलच्या चापाला मात्र अशी किमान मर्यादाच नाही, त्यामुळे स्पर्धेच्या रायफलीचा चाप अगदी हलका ठेवता येतो. छर्राही खेळण्यातला नसतो. अवघ्या ४.५ मिलिमीटर व्यासाचा तो शिशाचा तुकडा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि डोळा कायमचा घालविण्यास तेवढा वेग पुरेसा आहे.

म्हणूनच दचकू नकोस असे मुलांना सांगण्यात अर्थ नाही. दचकल्यावर हातांनी काय करायचे, हे मात्र शिकविता येते. नेम धरलेला असताना दचकलात आणि चाप ओढला गेला तरी नळी समोर असेल, तर तो छर्रा फार तर काही गुण घेऊन जाईल. माझ्या एनसीसीच्या दिवसांत आमचे हवालदार उस्ताद एकच गोष्ट शंभर वेळा सांगत : मान वळली तर वळू द्या, खांदा वळता कामा नये. डोळ्यांनी खुशाल मागे पाहावे, नळीने समोरच पाहिले पाहिजे. त्याच क्षणी बोट चापाच्या कड्यातून बाहेर काढून दस्त्याच्या बाजूला सरळ ठेवायचे, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि मग रायफल समोरच्या टेबलावर, नळी लक्ष्याकडेच ठेवून, टेकवायची. वानर, वीज, वावटळ जे काही असेल, ते त्यानंतर पाहावे.

याचे फळ मी एका शिबिरात पाहिले आहे. पॉइंट टू टू (.२२) या काडतुसाच्या रायफलचे फायरिंग चालू असताना डावीकडच्या कॅडेटच्या रायफलीतून उडालेली गरम पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, शेजारच्या मुलाच्या उघड्या कॉलरमधून पाठीत गेली. ती पुंगळी अंगाला चिकटली की काय होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तो मुलगा कळवळून कुशीवर वळला, शर्ट ओढू लागला, पण त्याने रायफल आधी हातातून सोडली होती आणि ती जमिनीवर लक्ष्याकडे तोंड करून जशीच्या तशी पडली होती. उस्तादांनी आधी रायफल तपासली आणि मग पुंगळी काढली. त्या दिवसापासून फायरिंगला जाताना कॉलरचे वरचे बटण लावायचे, हा आमच्या युनिटचा नियम झाला.

रायफल हातातून निसटली तर ती झेलण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. झेलताना बोट नेमके चापात अडकते, म्हणून पडू द्यावी. दस्ता मोडला तर दुरुस्त होतो. पॉइंट टू टूमध्ये चाप ओढल्यावर नुसताच टिक् आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर लगेच बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडून आत डोकावणाऱ्यांची मला फार भीती वाटते. काडतूस क्वचित उशिरानेही पेटते, म्हणून नळी लक्ष्याकडे ठेवून किमान तीस सेकंद थांबायचे आणि मगच बोल्ट उघडायचा. एअर रायफलमध्ये छर्रा भरला की नाही याची आठवण राहिली नाही, तर दुसरा भरू नये, हात वर करून प्रशिक्षकांना बोलवावे. हात वर करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला, त्यांची काही मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. पण बंदूक बिघडली की अधिकाऱ्याला बोलवायचे, ही रीत त्यांनाही पाळावी लागली. पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आता त्या 'खाली कर'विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या दिवशीचा खरा घोटाळा तिथे होता असे माझे मत आहे. एनसीसीत हुकूम हिंदीत असतात आणि तिथे 'खाली कर' म्हणजे रायफल रिकामी कर. मराठी मुलाला मात्र 'खाली कर' म्हणजे नळी जमिनीकडे कर असेच ऐकू येणार. त्या मुलीने कदाचित तेच केले असेल आणि नळी वरून खाली येता येता, शटरच्या दिशेला असताना, चाप ओढला गेला असेल. एकाच गोदामात उस्तादांचे 'खाली कर', प्रशिक्षकांचे 'अनलोड' आणि पालकांचे 'अगं ए' असे तीन हुकूम चालत असतील, तर गोंधळलेल्या लेकराने कुणाचे ऐकावे? धोका दिसताच कुणीही, अगदी चहा घेऊन आलेल्या मुलानेसुद्धा, 'स्टॉप' एवढाच शब्द मोठ्याने उच्चारावा आणि तो कानी पडताच प्रत्येकाने बोट बाहेर काढून जागच्या जागी थांबावे; पुढचे हुकूम एकट्या प्रशिक्षकांनी द्यावेत, हे सर्व शेडमध्ये एकदाचे ठरून जायला हवे. नेम धरून उभ्या असलेल्या मुलाच्या खांद्याला मागून हात लावणे तर कुणीच करू नये, मग ते वडील असोत की पाहुणे. कानाला संरक्षक लावलेल्या मुलाला आपली चाहूल लागलेली नसते. रायफल टेबलावर टेकेपर्यंत थांबल्याने आपले काही बिघडत नाही.

आपल्या भागात दचकण्याची निमित्ते काही कमी नाहीत. मे महिन्यात वळवाच्या गारा पत्र्यावर पडू लागल्या की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि वीज तर कोणत्या क्षणी जाईल याचा नेम नाही. अंधार होताच मुले पायाखाली पाहू लागतात आणि नळी कुठे आहे याचे भान सुटते. लक्ष्याच्या भिंतीवर आणि फायरिंग पॉइंटवर आपोआप लागणारा एकेक बॅटरीचा दिवा, फायरिंग चालू असताना आतून कडी लावलेले दार, बाकांपुढे ठळक रंगाने ओढलेली एक रेघ आणि प्रत्येक रिकाम्या रायफलीच्या नळीत ती रिकामी असल्याची खूण म्हणून भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, एवढ्यासाठी फार खर्च येत नाही. तालुक्याच्या गावी नव्या शेड उभ्या राहत असताना क्रीडा खात्याने परवानगीपूर्वी एवढे तरी पाहावे, अशी माझी विनंती आहे.

माझे वडील बुजरा गोऱ्हा गाडीला जुंपण्याआधी त्याच्यामागे रिकामी गाडी खडखडवीत नेत. चार दिवसांत त्याचे कान टवकारत, पण पाय जागचे हलत नसत. मी तोच उपाय त्या शेडच्या प्रशिक्षकांना सुचविला आणि त्यांनी तो मनावर घेतला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. गेल्या रविवारी सर्व रायफली रिकाम्या करून, फ्लॅग लावून, प्रशिक्षकांनी तपासल्यावर पाचही जणांना छर्र्याविना नेम धरून उभे केले गेले. मग मी मागे जाऊन, काही न सांगता, स्टीलची परात फरशीवर टाकली. पाचही नळ्या समोरच राहिल्या. दोघांची बोटे मात्र आतच होती, म्हणून थोड्या वेळाने परात पुन्हा टाकावी लागली.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक व माजी एनसीसी अधिकारी,
अंबाजोगाई, जि. बीड