बाळाला झोपवताना : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद भगिनींना नमस्कार. यंदा आपल्या मंगळवार पेठेत बऱ्याच घरी पाळणा हलला, म्हणून ही सूचना.

वर्षाच्या आतलं धडधाकट बाळ झोपेतच दगावतं आणि तपासणीतही कारण सापडत नाही, असं घडतं. सर्वाधिक धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात. अशा घरातल्या आईला कुणीही बोल लावू नये. मात्र धोका कमी करता येतो.

प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलाही, बाळाला उताणंच झोपवा. उताणं निजलं तर दूध श्वासात जाईल, असं आज्या सांगतात, काळजीपोटीच. पण उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालीच परत जातं. अमेरिकेत १९९४ पासून हा प्रचार झाला आणि असे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

गादी घट्ट, सपाट हवी. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोपायला झोळी नको. घरात झोपताना टोपरं काढा. बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर डोळा लागणं फार घातक. विडी-सिगारेट घरात नकोच, धुरीही बंद करा. अंगावरच्या दुधानं धोका घटतो.

शनिवारी दुपारी चारला मंडळाच्या खोलीत आशा सेविका बाहुलीवर हे करून दाखवतील. सासूबाईंनाही आणा. बाळाचा श्वास अडखळला, ओठ निळे पडले तर लगेच १०८ लावा.