डेकोराच्या काकूंना जाहीर आभारपत्र

काकू, सप्रेम नमस्कार.

आयोवातल्या डेकोराला जायचं ठरलं की आम्हा मिनेसोटाच्या मराठी मंडळींत तुमचं टिपण फिरायला लागतं. काय बघावं हे माहितीपत्रकात असतंच. तिथे कधी जाऊ नये आणि का, हे तुम्ही लिहून ठेवलंत. त्याबद्दल हे आभार.

आइस केव्हचंच घ्या. बर्फाची गुहा म्हटल्यावर माणूस भर हिवाळ्यात निघतो आणि कोरडा खडक बघून येतो. हिवाळ्यात गार हवा भेगांत शिरून आतला चुनखडक गारठवते, पण बर्फाला पाणी तर हवं! ते वसंतात बाहेरचं हिम वितळून झिरपलं की येतं आणि भिंतींवर गोठतं. म्हणून मे-जूनमध्ये जायचं; उन्हाळा सरेपर्यंत बर्फ उरत नाही. सोबत टॉर्च, जाकीट आणि न घसरणारे बूट.

ट्राउट रन ट्रेल ही सायकलची वाट ११ मैलांची, पक्की आणि वर्तुळाकार. गावातून ट्राउट हॅचरीपर्यंत (ट्राउट माशांची पैदास करतात तिथवर) जवळजवळ सपाट, पुढे टेकड्यांचे चढ. लहान मुलं सायकलवर असतील तर हॅचरीवरूनच माघारी फिरा, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा. उतारावर वेग वळणाआधी कमी करायचा. ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं.

वाटेकडेच्या रानटी पार्सनिप या झाडाबद्दल तर तुमचे शंभर आभार. शेपूसारखा पिवळा फुलोरा, हात लावायचा मोह होतोच. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवायचं आणि तो भाग दोन दिवस उन्हापासून झाकायचा. पायजमा मोज्यात खोचला की गोचिडांचाही बंदोबस्त होतो.

अप्पर आयोवा नदीत, ब्लफ्टनच्या कड्यांखालून कनू (वल्ह्यांची अरुंद होडी) न्यायची तर आधी पाण्याची पातळी बघायची. पाणी उतरलं की तळ घासतो आणि कनू ओढत न्यावी लागते. मोठ्या पावसानंतर तर उतरायचंच नाही. पडलेल्या झाडापासून लांबूनच वळायचं: फांद्यांतून पाणी पार होतं, माणूस अडकतो. खडकावर आडवे आदळत असाल तर खडकाकडे झुकायचं. घाबरून उलट बाजूला झुकलं की प्रवाहाकडची कड बुडते आणि कनू पलटते. हे चित्र काढून दाखवलंत, म्हणून डोक्यात बसलं. काठावरची बरीचशी जमीन खासगी, तेव्हा डबा उघडायचा तो सार्वजनिक धक्क्यावरच.

ट्राउट धरायला परवान्याशिवाय वेगळं ट्राउट शुल्क लागतं, हेही नवख्यांना तुमच्यामुळेच कळतं.

टिपणात एक भर घालाल का? जुलैअखेरीस नॉर्डिक फेस्ट, म्हणजे गावातला नॉर्वेजियन वारशाचा उत्सव, असतो. लूथर कॉलेज आणि वेस्टरहाइम हे नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळलेले बरे, आणि फेस्टलाच यायचं असेल तर खोली कितीतरी आधी धरून ठेवावी.

तुमची,
रॉचेस्टर-मिनियापोलिसची मंडळी