बाबा, एकदा पणजीला याल का?

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर विचारलंस, "डोळे हलवून कसली भीती जाते गो?" तेव्हा ऑफिसात होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

चोर्ला घाटातल्या अपघातानंतर वायपरचा आवाज कानावर पडला की मी परत त्याच वळणावर असायचे. तोच ट्रक, तोच डिझेलचा वास. त्यावर घेतलेल्या या डोळे हलवायच्या उपचाराला ईएमडीआर म्हणतात. पहिल्या दोन बैठका नुसती विचारपूस, आणि जीव घाबरला तर सावरायचं कसं ते शिकवणं. मग उपचार करणाऱ्या बाईंनी ते वळण मनात धरायला सांगितलं आणि डोळ्यांसमोर दोन बोटं डावी-उजवीकडे फिरवली. मान स्थिर, नजर बोटांमागे. थोड्या वेळानं थांबून विचारायच्या, "आता काय येतंय?" की पुन्हा बोटं. त्रास किती, ते 0 ते 10 मध्ये सांगायचं. सुरुवातीला मी 9 म्हटलं होतं, सहाव्या बैठकीत 2. ट्रक अजून आठवतो, पण अंगावर येत नाही.

हे संमोहन नव्हे, मी पूर्ण जागी होते. अमेरिकेतल्या फ्रान्सीन शापिरो यांना 1987 मध्ये बागेत फिरताना हे सुचलं. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा त्रासासाठी याची शिफारस केली. ते नेमकं कसं चालतं यावर जाणकारांत वाद आहेत. मला पटलं ते असं: आठवणही धरायची आणि बोटंही बघायची, दोन्हीला मन पुरत नाही, मग आठवणीची धार जाते.

आई, तू देवळात कौल मागायला प्रसाद लावलास, तो उजवा पडला, त्यानंही मला बळ आलं.

पण बाबा, हे पत्र खरं तुमच्यासाठी. चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि तुमच्या हातातला सुपारीचा घोस सुटला. सगळे हसले. मी तुमची बोटं बघत होते. नंतर कितीतरी वेळ तुम्हाला दोरीची गाठ मारता येत नव्हती. गाडीची किल्ली त्या दिवसापासून खुंटीवरच आहे. गाडी तुम्ही चालवत होता, म्हणून सगळं मनाला लावून घेतलंय, हे मला कळतं. रात्रीच निघायचा हट्ट माझा होता, बाबा. मीही ते कितीतरी दिवस उरात घेऊन फिरले.

तुम्हाला बोलायला जड जातं. इथं सगळं उकलून सांगावं लागत नाही. मनात बघायचं, तोंडानं थोडंच बोललं तरी चालतं.

वाळपईहून सकाळची कदंबा बस धरा. मी स्टँडवर न्यायला येते. बाईंकडे तुमच्याबरोबर आत येणार नाही, बाहेर बाकावर बसून राहीन.

तुमची,
बाय